अकरावी ‘अ’चा मोतीबिंदू

आमच्या सासऱ्यांइतका शाळेत रमलेला विद्यार्थी आजवर झाला नाही आणि पुढे कधी होईल असं वाटत नाही. शाळा सोडून त्यांना साठ वर्षं होत आली, हा एक किरकोळ तपशील झाला. कल्याणातली ती जुनी इंग्लिश स्कूल, तिथली अकरावी ‘अ’ आणि खिडकीकडचा बाक हा त्यांचा कायमचा पत्ता. मधे वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरी, लग्न, मुलं, डोंबिवलीतला फ्लॅट वगैरे गोष्टी त्यांनी मधल्या सुट्टीत उरकाव्यात तशा उरकल्या. सासूबाई अजून सांगतात, “लग्नानंतर आम्ही माथेरानला गेलेलो. तिथे ह्यांनी मला सकाळ-संध्याकाळ ड्रिलच्या सरांच्या नकला करून दाखवल्या. शेवटी मी म्हटलं, एकतर मला घरी सोडा, नाहीतर त्या सरांनाच इथे बोलवा.” बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, यातून एवढाच अर्थ काढला की बायकोला नकला आवडल्या. त्या त्यांनी पुढे आयुष्यभर चालू ठेवल्या, आणि आम्हा सगळ्यांना ते सर आता घरातलेच वाटतात.

शाळेचं नाव इंग्लिश स्कूल असलं तरी इंग्रजीचा तास सोडून तिथे सगळं मराठीत चालायचं, आणि इंग्रजीच्या तासालाही बरंचसं मराठीतच. माझ्या मुलीने एकदा विचारलं, “आबा, तुमच्या इंग्लिश स्कूलमध्ये इंग्लिश का नव्हतं?” त्यावर बाबा शांतपणे म्हणाले, “नावात होतं ना? सगळीकडे कशाला लागतं?” या उत्तराने बाबांना आपण वाद जिंकल्याचा एवढा आनंद झाला की संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसाठी जिलबी आणली. जिलबीवाला अर्थातच शाळेचा होता. जिलबी थोडी आंबट होती, पण तो विषय काढायची आमच्या घरी पद्धत नाही.

पद्धत नाही, कारण आमच्या घरात पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस त्या शाळेचाच असतो. प्लंबर शाळेचा, विमावाला शाळेचा, शिंपी शाळेचा. या प्लंबरने एकदा स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला, तेव्हापासून तो नळ सोडला की पाणी खाली न येता सरळ समोरच्या डब्यांवर जातं. मी तक्रार केली तर बाबा म्हणाले, “हात जरा कच्चा आहे गं त्याचा, पण वागणूक बघ! चप्पल बाहेर काढून आत आला.” शाळेच्याच एका दातांच्या डॉक्टरने त्यांचा दुखरा दात सोडून शेजारचा उपटला, तेव्हाही त्यांनी तोंडातला कापूस काढून त्याचीच बाजू घेतली. “तोही कधीतरी पडणारच होता. याला लवकर कळलं.” दुखरा दात काढायला पुन्हा त्याच्याकडेच गेले. या वेळी त्याने योग्य दात काढला, याचं कौतुक पुढे महिनाभर चाललं होतं.

मला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, “शाळा कुठली?” मी डोंबिवलीची, आणि माझी शाळा म्हणजे आंतरशालेय खो-खोत त्यांच्या शाळेला दर वर्षी धूळ चारणारी. मी नाव सांगितल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली. माझा होणारा नवरा छताकडे बघायला लागला. दिवाणखान्यात एवढी शांतता पसरली की स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी ऐकून माझे वडील दचकले. मग बाबांनी जड आवाजात विचारलं, “आणि आईची?” आई म्हणाली, “मी दोन वर्षं तुमच्याच शाळेत होते. मग माझ्या वडिलांची बदली झाली.” बाबांनी बशी पुन्हा उचलली. “मुलगी आईच्या वळणावर गेली असेल,” ते म्हणाले, आणि माझं लग्न ठरलं.

पण खरं दर्शन घडलं ते शीळफाट्याला. आम्ही पनवेलहून येत होतो, गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या, आणि एका मोठ्या गाडीने मागून तिरकं घुसत आमचं मागचं दार चेपवलं. माझा नवरा तावातावाने उतरला, समोरचा त्याच्या दुप्पट आकाराचा माणूस त्याहून तावाने उतरला. “ब्रेक कशाला मारला रे मधेच? दिसत नाय काय?” “मागून ठोकलंस तू आणि वर मलाच विचारतो?” अशी सुरुवात होऊन प्रकरण कॉलरपर्यंत पोचलं, तेवढ्यात मागचं दार उघडत नाही म्हणून बाबा माझ्या मांडीवरून पलीकडच्या दाराने बाहेर पडले. “बाबा, प्लीज, तुम्ही आत बसा!” नवरा ओरडला. बाबा त्या माणसाजवळ गेले आणि म्हणाले, “शाळा कुठली?” तो माणूस भांडायचंच विसरला. “काय?” “शाळा, शाळा. लहानपणी जायचास ना कुठेतरी?” तो जायचा. त्याच शाळेत जायचा! पुढच्या पाच मिनिटांत दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून भर रस्त्यात शाळेची प्रार्थना म्हणत होते. मागे भोंगे वाजत होते, एक ट्रकवाला खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येऊन मोबाइलवर शूटिंग करत होता, आणि माझा नवरा चेपलेल्या दाराला टेकून डोकं धरून उभा होता. निघताना बाबांनी त्या माणसाला घरी जेवायला बोलावलं. तो आला. आम्रखंड घेऊन आला, चांगला माणूस निघाला, पण दार आमचं आम्हालाच दुरुस्त करून घ्यावं लागलं.

असं सगळं मजेत चाललेलं असताना बाबांना मोतीबिंदू झाला. आधी ते चहा कपाशेजारी ओतायला लागले. मग फडके रोडवर कपड्यांच्या दुकानाबाहेरच्या पुतळ्याशी थांबून त्यांनी घरच्या सगळ्यांची चौकशी केली, आणि उत्तर आलं नाही तेव्हा फणकारून मला म्हणाले, “शिष्ट आहे. तुमच्या शाळेचा असणार.” तिथवर आम्ही हसलो. पण एका सकाळी जिन्याची शेवटची पायरी त्यांना दिसली नाही आणि ते पडले. हाड मोडलं नाही हे नशीब. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, “उजवा डोळा पूर्ण पिकलाय. आता लांबवलंत तर गुंतागुंत होईल, नजर जायचीही भीती आहे. डावा अजून काही महिने थांबू शकतो.” बाबा म्हणाले, “माझी ना नाही. फक्त डॉक्टर शाळेचा हवा.”

आम्हाला वाटलं, नेहमीचं चाललंय. पण ते हटेनात. “नळाला पाना लावणारा चालेल एकवेळ दुसरा कुणी,” ते म्हणाले, आणि हे त्यांच्या तोंडून आम्ही प्रथमच ऐकत होतो, “पण माझ्या डोळ्यात हत्यार घालणार तो आपलाच हवा.” अकरावी ‘अ’मध्ये त्यांच्या बाकावर बसणारे एक जण डोळ्यांचे डॉक्टर झाले होते. त्यांना फोन लावला तर पलीकडून आवाज आला, “अरे गाढवा, मला आता सुईत दोरा ओवता येत नाही. हात थरथरतो माझा.” बाबा म्हणाले, “तुझं अक्षर तेव्हाही तसंच होतं. मी चालवून घेईन.” पलीकडच्यांनी फोन ठेवून दिला. मग आम्ही ठाण्यापासून बदलापूरपर्यंत डोळ्यांचे दवाखाने पालथे घातले. रिसेप्शनवरच्या मुलींना मी विचारायची, “डॉक्टरांची फी नको, शाळा सांगा.” कुणी नाशिकचे, कुणी लातूरचे, तरुण होते ते सगळे कॉन्व्हेंटचे. पडदा हळूहळू सरकावा तसं मला दिसायला लागलं की बाबांच्या शाळेतून डॉक्टर बाहेर पडायचे दिवस कधीच सरले होते. हे बाबांना सांगायची हिंमत मात्र घरात कुणालाच झाली नाही. ते तेवढ्यात गॅलरीत चाचपडत कुंडीऐवजी माझ्या चपलांना पाणी घालत होते, आणि मला पहिल्यांदा खरोखरची भीती वाटली. हा माणूस हट्टापायी आंधळा होईल, असं मी नवऱ्याला बोलूनही दाखवलं.

शेवटी ठाण्याच्या कोपरीतल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्या मूळच्या नागपूरच्या. आधी खळखळून हसल्या, मग म्हणाल्या, “एका दिवसापुरती होते मी त्यांच्या शाळेची. काय काय पाठ करू, सांगा!” दोन पेशंटांच्या मधल्या वेळात मी त्यांचा अभ्यास घेतला: प्रार्थना, ड्रिलचे सर, मागच्या भिंतीतलं पळून जायचं भगदाड. ऐन तपासणीच्या दिवशी बाबांनी खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, “शाळा कुठली?” बाईंनी धडाधड सांगितलं. बाबांनी प्रार्थना म्हणायला लावली, बाई सरळ उभ्या राहून दोन्ही कडवी न अडखळता म्हणाल्या. बाबांचा चेहरा फुलला. मला जिंकल्यासारखं वाटलं, आणि तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, “मधल्या सुट्टीत काय खायचीस गं?” बाई म्हणाल्या, “कॅन्टीनमधला सामोसा!” हा धडा मी घेतला नव्हता. बाबा “छान,” एवढंच म्हणाले आणि मुकाट्याने यंत्रावर हनुवटी टेकवली.

घरी येताना मी विचारलं, “बाबा, करायचं ना ऑपरेशन त्यांच्याकडे?” ते म्हणाले, “पोरगी साफ खोटं बोलत होती. आमच्या शाळेत कॅन्टीन? अगं, आमच्याकडे नळाला पाणी नव्हतं!” मी मान खाली घातली. “पण कुठल्या कोण म्हाताऱ्यासाठी तिने अख्खी प्रार्थना पाठ केली. आमच्या वर्गातल्या अर्ध्यांना ती शेवटपर्यंत आली नाही, नुसते ओठ हलवायचे. घेतलं मी तिला शाळेत.” ऑपरेशन टेबलावर त्यांनी दुसऱ्या कडव्यातली बाईंची एक चूक सुधारायला तोंड उघडलं, तेव्हा त्या कडक आवाजात म्हणाल्या, “आजोबा, बोलायचं नाही, हलायचं नाही.” आणि बाबा “हो बाई” म्हणून गप्प पडून राहिले, असं बाईंनीच नंतर आम्हाला सांगितलं.

ऑपरेशन उत्तम झालं. उजव्या डोळ्याने बाबांना पेपरातली मरणाची बातमी आणि माझ्या कोशिंबिरीतली मोहरी सारख्याच स्पष्ट दिसायला लागली. आम्ही सगळे हवेत होतो. त्याच महिन्यात कल्याणला एका वर्गमित्राच्या गच्चीवर अकरावी ‘अ’ची दर महिन्याची बैठक होती. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मी गाडीने सोडलं. नजर हळूहळू धुरकट होत गेल्यापासून, म्हणजे गेली दोन-तीन वर्षं, ते या बैठकीत सगळ्यांना आवाजावरूनच ओळखत होते. त्या संध्याकाळी मी परत न्यायला गेले तर बाबा कोपऱ्यात गप्प बसलेले. मला वाटलं, कुणीतरी काहीतरी बोललं असेल.

पत्रीपुलावर गाडी अडकली तेव्हा ते म्हणाले, “अगं, सगळे म्हातारे झालेत.”

“बाबा, तुमच्याच वयाचे आहेत ते.”

“ते मला कळतं गं. पण झाले कधी? गेल्या महिन्यापर्यंत तर बरे होते.” मी हसले. ते हसले नाहीत. “आमचा खो-खोचा कॅप्टन, कुणाच्या हाताला लागायचा नाही. आज त्याला खुर्चीतून दोघांनी धरून उठवलं. त्याची मान बघितलीस? नुसतं कातडं राहिलंय.” मग खिडकीकडे वळून बाहेर बघत बसले. एवढा आनंदी माणूस आपण बरा करून दुःखी केला, असं वाटून मला रडूच यायला लागलं.

पुढच्या महिन्यात ते जातात की नाही याची मला शंका होती, पण गेले. मी न्यायला गच्चीवर चढले तर कुणीतरी भगदाडातून पळताना अडकलेल्या हेडमास्तरांचा किस्सा सांगत होतं आणि सगळे पोट धरून हसत होते. बाबाही हसत होते. त्यांनी तळहाताने उजवा डोळा झाकून घेतला होता आणि ऑपरेशन न झालेल्या, धुरकट डाव्या डोळ्याने ते एकेकाकडे बघत होते. मी वाकून विचारलं, “डोळा दुखतोय का?” ते माझ्या कानाशी म्हणाले, “छे. पण याने बघितलं की अजून सगळे ओळखू येतात.”

दुसऱ्या दिवशी मी कोपरीला फोन केला. डाव्या डोळ्याची तारीख ठरलेली होती, ती पुढे ढकलायची म्हटल्यावर बाईंनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “उजव्याने पायरी दिसते ना व्यवस्थित? मग डावा दिवाळीनंतर बघू.” दिवाळी होईल, मग मी पुन्हा फोन करीन. घाई करावी असं मात्र मला आता वाटत नाही.