सुरगाण्याच्या डोंगरावरून देवयानी

वणी मागे पडली तसा गाडीच्या आरशातला नाशिकचा उजळ पट्टा दिसेनासा झाला. दिवाळीला चार दिवस होते, चंद्र पहाटे उगवणार होता. देवयानी दीर्घिकेचा (आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या आकाशगंगेचा) फोटो काढायचा हा माझा तिसरा प्रयत्न. आधीचे दोन्ही ढगांत गेले.

सुरगाण्याच्या अलीकडे, डोंगरावरच्या एका पाड्यावर (वस्तीवर) सोनीबाईंनी मला अंगण दिलं. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. नागलीची (नाचणीची) भाकरी आणि उडदाचं वरण पुढ्यात ठेवत त्यांनी सांगितलं, की नवरा पिंपळगावला द्राक्षछाटणीला गेलाय. भात कापायला कालच यायचा होता, फोनही लागत नाही.

जेवून कॅमेरा लावला. इतके तारे, की ओळखीचेच सापडेनात. मग चुलीच्या धुरासारखा एक पुसट ठिपका दिसला. तीच देवयानी. पण ओट्यावरचा बल्ब थेट भिंगावर येत होता. थोडा वेळ मालवाल का, मी विचारलं.

"नाय भाऊ. जीप खाली रस्त्यावरच सोडते. या दिव्याच्या रोखानं ते वर येतात."

मग म्हणालो, विजेरी घेऊन मीच खाली रस्त्यावर थांबतो; कॅमेरा आपोआप फोटो काढत राहील. त्यांनी उठून बटण बंद केलं.

उतरताना दोनदा घसरलो. रस्त्याकडेला दगडावर बसलो. पिकल्या भाताचा वास येत होता. काळोखात खाचरं कुठे संपतात नि आकाश कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. एक जीप न थांबता गेली. तासाभराने दुसरी थांबली. उतरणाऱ्याला नाव विचारलं, तर ते सोनीबाईंचेच लक्ष्मणभाऊ. छाटलेल्या काडीचं टोक पायात घुसलं, दवाखान्यात एक दिवस मोडला, असं म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते लंगडत चढ चढले.

सोनीबाईंनी पाणी तापवलं. पाय धुऊन झाल्यावर आम्ही तिघांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं: तिरकं, मोतिया, धुक्याचं पान. हा उजेड तिथून पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय, मी सांगितलं.

"आन आज पोचला?"

"आज."

सोनीबाई लक्ष्मणभाऊंच्या पायाकडे बघत होत्या.

नाशिकला परतल्यावर बायकोने फोटो मोठा करून पाहिला. हा फोटो निघत होता तेव्हा वर बघून काय वाटत होतं, तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं. तेव्हा मी वर पाहतच नव्हतो. ओळख ना पाळख अशा एका माणसाच्या काळजीने वळणाकडे डोळे लावून बसलो होतो.