वन्संच्या हातचा शाफ्ट

नाही गं, शिवणाचं मशीन नव्हे, लेथ. लोखंड कातायचं. तुझ्या आजोबांची बहीण, आमच्या वन्सं, कारखान्यात आठ पुरुषांत एकट्या लेथवर उभ्या राहायच्या. लिही नीट.

तर तिथल्या पाण्याच्या पंपाचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरणारा दांडा, दर तीन-चार महिन्यांनी तुटायचा. तोही एकाच जागी, जाड भाग संपून बारीक सुरू होतो तिथं. फोरमन म्हणायचा, लोखंडच भिकार येतंय. वन्संनी तुटका तुकडा उलटसुलट करून बघितला. "लोखंडाला कशाला नावं ठेवता? बोथट टूलनं रेटून कातलाय हा."

"मापात आहे ना? मग झालं."

"माप बरोबर आहे. वरचं कातडं ताणलेलं राहिलंय."

सगळे फिदीफिदी हसले. लोखंडाला म्हणे कातडं. घरी मलाही कळेना, तेव्हा वन्संनी आपल्या बोटाच्या पेरावरची भेग दाखवली. बोट वाकवलं की उघडायची, दोन्ही बाजूंनी दाबली की मिटायची. "शाफ्ट फिरताना असाच वाकतो, वहिनी, मिनिटाला हजारदा. कातडं ताणलेलं असलं की भेग वाढत जाते. दाबून बसवलं की तिचं तोंडच उघडत नाही."

वन्सं म्हणाल्या, पुढचा शाफ्ट मी माझ्या पद्धतीनं कातते. फोरमननं अट घातली, तुझा शाफ्ट तुटला तर लेथ सोडायचा नि पॅकिंगला बसायचं. वन्सं हो म्हणाल्या. ताजी धार लावलेलं टूल घेतलं, शेवटचा काप केसाएवढा, नि मग नेमक्या त्या जागेवर गुळगुळीत पोलादी रूळ दाबून फिरवला. दोन तासांच्या कामाला अख्खा दिवस.

"घरचं लाटणं आणलंस की काय?" फोरमननं टोमणा मारला.

"हो. येत असेल तर या लाटायला."

शेजारी-शेजारी दोन पंप. एकात नेहमीसारखा कातलेला शाफ्ट, एकात वन्संचा. रोज कामावर जाताना वन्सं थांबून पंपाला कान लावायच्या. घरी जेवताना घास हातातच राहायचा. चौथ्या महिन्यात एक शाफ्ट गेला. नेहमीचा. वन्संचा अकरा वर्षं फिरला. पंप भंगारात निघाला, तेव्हा फोरमन स्वतः तो शाफ्ट पुसून घरी घेऊन आला. दोन कप चहा पिऊन गेला. वन्सं रिटायर झाल्या त्या लेथवरूनच.

तो रूळ माझ्या ट्रंकेत आहे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. वन्संची नात आता लेथवर लागलीय. तिला नेऊन दे, नि सांग, शेवटचा काप घाईत घ्यायचा नाही.