हे रान नाही

दहावीला माझा एकच विषय राहिला होता, गणित. त्याच वर्षी लग्न झालं आणि मी आष्ट्याजवळच्या गावात सासरी आले. गणित तिकडेच राहिलं. यंदा लेक नववीत गेली आणि माझ्या मनाने उचल खाल्ली. मिरजेतल्या एका दवाखान्यात रुग्णांची देखभाल शिकवतात. अट एकच, दहावी पास. मला तिथे जायचंच होतं.

शिकवायला लेक बसली. लहानपणी पाढ्यांवरून मी तिला जेवढी बोलले होते, तेवढं तिने व्याजासकट फेडलं. मला राग लवकर येतो. उत्तर चुकलं की मी वही मिटून भाकरी थापायला उठायची. "मला गणिताचं डोकंच न्हाई," हे इतकी वर्षं म्हणत आले होते की मला ते खरंच वाटायचं.

एका दुपारी तिने उत्तराकडे बघितलंच नाही. "आई, एकेक पायरी मोठ्यानं सांग," म्हणाली. गणित साधं होतं: ३.२५ मीटर आणि २.३० मीटर कापड, मिळून किती?

"पंचवीस नि तीस, पंचावन्न," मी म्हटलं. "त्यातलं चाळीस गेलं, हातचा एक. ऱ्हायलं पंधरा. तीन नि दोन पाच, हातचा एक, सहा. सहा पूर्णांक पंधरा."

"चाळीस कुटं गेलं?"

"आगं, चाळिसाला एक व्हतोय न्हवं!"

ती हसून हसून आडवी झाली. "आई, हे रान न्हाई, कापड हाय!"

चाळीस गुंठ्यांचा एकर. माझे वडील, आण्णा, गावात जमिनीच्या वाटण्या असल्या की पंच म्हणून जायचे आणि मला बरोबर न्यायचे. एकर आणि गुंठे यांच्यामध्ये ते टिंब द्यायचे आणि बेरीज मला करायला लावायचे. त्या बेरजा कधी चुकल्या नाहीत. शाळेतल्या टिंबालाही मी तोच न्याय लावला. उत्तरावर फुली पडायची, पण चाळीस कुठे गेले हे कुणी विचारलं नाही. मला आधी हसू आलं, मग त्या फुल्यांचा संताप आला आणि शेवटी इतकं हलकं वाटलं की संध्याकाळी मी शिरा केला.

त्यानंतर टिंबाचं गणित आलं की शेजारी पेन्सिलीने लिहायचं, 'रान नाही'. परीक्षेतही हात चाळिसाकडे गेलाच. मी तेच लिहिलं आणि बेरीज सुधारली. ते खोडायचं मात्र राहिलं. निकालापर्यंत माझ्या जिवाला घोर. ह्यांनी त्यात तेल ओतलं, "तपासणारा म्हणंल, बाई रान इकाय बसलीया का काय!"

निकालाच्या दिवशी लेकीने मोबाइल माझ्याच हातात दिला. काठावर, पण पास. मी पहिला फोन आण्णांना लावला आणि चाळिसाची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ती बेरीज मला पुन्हा एकदा करायला लावली.

"म्हंजे माज्यामुळं तू नापास झालीस व्हय गं?"

"न्हाई आण्णा," मी म्हटलं. "तुमची बेरीज बरोबरच हाय. ती कापडाला लावायची न्हवती, येवढंच."