गजरा कुठं लावायचा?

इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात शाळा सुरू होते त्या दिवशी पहिलीच्या मुलांची ट्रॅक्टर-ट्रॉलीतून मिरवणूक निघते. एरवी ऊस वाहणारी ट्रॉली झेंडूनं सजवतात. मुलांना फेटे बांधतात, मुलींना गजरे माळतात. असं का, हे कुणी विचारत नाही. माझ्या लेकीनं फेटाच मागितला.

फेटे बांधणारे आबा म्हणाले, "पोरींना गजरा असतोय, बाळा."

माझं डोकंच फिरलं. भांडायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात लेक त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. उन्हाळ्यात उवा झाल्या म्हणून मीच तिचे केस पार काढून टाकले होते. आता कुठं जरा खुंट उगवले होते. डोकं पुढं करून ती म्हणाली, "मग लावा की. कुठं लावताय?"

आबांनी दोन्ही बाजूंनी लावून बघितला. पिन काही धरेना, गजरा घसरून मांडीत पडला. "व्हय की गं!" म्हणत त्यांनी लाल फेटा उचलला आणि चांगला वीतभर तुरा काढून बांधला. मी बघतच राहिले. एवढं भांडखोर माझं तोंड, पण हे मला कधी जमलं नसतं.

तेवढ्यात गजरे काढून बाकीच्या मुलीही रांगेत उभ्या राहिल्या. सगळ्यात पुढं दोन लांब वेण्यांची मुलगी.

"तुला तर केस हायत की," आबा म्हणाले.

फेटा सावरत माझी लेक म्हणाली, "पोरांना बी हायत."