पाण्याला ताप

आर्णीच्या बसस्टँडजवळ माझ्या मामीचं सोड्याचं दुकान आहे. समोर टिनाच्या छताखाली गोटीच्या बाटल्यांचे क्रेट आणि लिंबांची टोपली, मागच्या खोलीत सोडा बनवायची मशीन. मशीनला मामीशिवाय कोणी हात लावायचा नाही असा नियम. मामानं बाटल्या धुवायच्या, बर्फ आणायचा आणि मोपेडवरून ऑर्डरी पोचवायच्या.

मी केमिकल इंजिनिअर. दोन वर्षं नागपूरजवळच्या एका कारखान्यात होते. कुठल्या नळीतून काय किती वाहतंय ते दिवसभर पडद्यावर बघायचं, एवढंच माझं काम. प्रत्यक्ष नळीला मी कधी हात लावला नव्हता. ती नोकरी सोडली, दुसरी महिन्यानं सुरू होणार होती, म्हणून ऐन मे महिन्यात मामीकडे गेले. लस्सी प्यायची, लोळायचं, एवढाच बेत होता.

दुकानात पाय ठेवला तर मामी फोनवर कोणालातरी झाडत होती. "सिलेंडर भरून देता का फुंकर मारून देता वो तुमी? गोटी टिकून नाही राह्यली माही!" फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "बरी आली माय तू. गॅसवाल्यानं पतली गॅस देल्ली. परवा महागावच्या लग्नाची ऑर्डर हाये. तुह्या त्या डिग्रीचा आज तरी काही उपयोग कर."

तिनं एक बाटली भरून दाखवली. बाटली उलटी केली की आतल्या गॅसच्या जोरानं गोटी तोंडाच्या रबराला जाऊन चिकटते आणि तेच बाटलीचं झाकण. ही गोटी चिकटली, क्षणभर थांबली आणि टुणकन खाली पडली. सोडा नुसत्या गोडमिट्ट पाण्यासारखा लागत होता.

"दाब कमी पडतोय," मी एका नजरेत निदान केलं आणि रेग्युलेटरची चावी दोन फेरे फिरवली. फट्ट करून रबरी नळी निसटली. मामा नेमका समोर उभा, तेराव्याच्या जेवणाला निघालेला, पांढऱ्या शर्टात. डोक्यापासून पायापर्यंत लिंबूसोडा.

"आंघोळ झालती ना माही," मामा म्हणाला.

मामी हसली नाही. चावी तिनं स्वतः जागेवर आणली. "पयले पाय, मंग हात लाव," एवढंच बोलली. मला कारखान्यात दोन वर्षांत कोणी इतकं सरळ शिकवलं नव्हतं.

मग मी रीतसर बघायला बसले. सांध्यांना साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही, म्हणजे गळती नव्हती. मशीनमध्ये पाणी जास्त वेगानं येतंय का, म्हणून नळीखाली बादली धरून मोबाईलवर वेळ मोजला. मामी म्हणाली, "तेवढ्याच वेळात भरते, नेहमीसारखी." आता उरला गॅसवाला. सिलेंडरच्या मानेवर रिकामं वजन कोरलेलं असतं. शेजारच्या कापसाच्या व्यापाऱ्याकडे मोठा काटा होता. मामानं शर्ट बदलला आणि आम्ही दोघांनी सिलेंडर तिकडे नेला. रिकामं वजन वजा केलं. गॅस पुरेपूर भरलेला.

"काटा खोटा असन," मामी म्हणाली.

"मामी, याच काट्यावर तुमची तूर विकली," मी म्हटलं.

तिनं गॅसवाल्याला सकाळपासून तीनदा झाडलं होतं.

"पण एक सांग," ती म्हणाली, "दुपारी गॅस वाढते ना? सकाळी मीटरची सुई खाली असते, दुपारी वर. म्हून मी आठ दिवसापासून दुपारीच भरून राह्यली."

सुई खरंच चढत होती. मी तिला म्हटलं, सायकलची ट्यूब उन्हात ठेवली की टणक होते, पण आतली हवा कोणी वाढवत नाही. तसंच हे. गॅस तेवढाच, उन्हानं नुसता जास्त रेटतो. हे बोलता बोलता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुपारी सिलेंडर तापतो, तसं छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणीही तापतं.

मी घरातलं तापाचं थर्मामीटर आणलं आणि टाकीचं पाणी ज्यातून मशीनला जातं त्या पिंपात बुडवलं. ते पींपीं करून थांबलं. एकशे चार.

"बाप्पा!" मामा ओरडला. "पाण्याले ताप आला!"

गॅस थंड पाण्यात मुरतो, गरम पाण्यात कितीही घुसळला तरी टिकत नाही. हे मी कॉलेजात पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. मामीला ते माझ्याआधी वीस वर्षं माहीत होतं, म्हणून तर पिंपात रोज बर्फाची लादी टाकायचा तिचाच दंडक होता.

"पिंपातला बर्फ कुठी गेला?" तिनं मामाकडे बघितलं.

मामा लिंबं निवडायला लागला. गावातला बर्फाचा कारखाना दुरुस्तीसाठी बंद, बर्फ यवतमाळहून अर्धाच मिळत होता. "मंग म्या बाटल्यांवर टाकला. गिऱ्हाइकाले थंडी बाटली पायजे ना? पिंपातला बर्फ कोनाले दिसते?"

"मले सांगाले काय झालतं?"

"तू फोनवर होती."

आता मामी हसली. इतकी की खाली बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच भरायला घेतलं. सगळा बर्फ पिंपात, पिंपाभोवती ओली पोती. मामीनं मशीनचा दांडा माझ्या हातात दिला. पाणी आणि गॅस आत घुसळायला लागले की दांडा हाताला जड लागतो, मग हळूहळू हलका होतो. "हलका झाला का थांबायचं," मामी म्हणाली. पडद्यावरच्या आकड्यांनी मला कधी हे असं हाताला कळू दिलं नव्हतं. पहिली बाटली उलटी केली. गोटी चिकटली आणि चिकटूनच राहिली. मी उगाचच टाळ्या वाजवल्या.

महागावच्या लग्नात आम्ही तिघंही गेलो. वरपक्षाचे एक म्हातारे तीन बाटल्या पिऊन एवढ्या जोरात ढेकर देऊन गेले की मंगलाष्टकं म्हणणारा थबकला.

गॅसवाल्याला फोन करायचं मामी दोन दिवस टाळत होती. शेवटी केला. "भाऊ, चूक माहीच होती. तुमची गॅस चोख हाये," ती म्हणाली आणि थोडं थांबून, "वहिनीले, लेकरायले घेऊन या इतवारी."

रविवारी ते सहकुटुंब आले, पोटभर सोडा प्यायले, आणि जाताना त्यांच्या बायकोनं मामीला घरचं आंब्याचं लोणचं दिलं.