माशाला पाय

धरणाकाठच्या भाटघरचा माणूस समुद्रावर जाऊन स्वयंपाकी झाला, याचं गावाला अजून हसू येतं. मी बरीच वर्षं मालवाहू जहाजावर खानसामा होतो. आता घरी असतो, शेत बघतो आणि बायकोच्या स्वयंपाकात लुडबुड करतो.

माझी आत्या वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत दिलेली. घरात शेळ्या, म्हशी, दूधदुभतं सगळं, पण मासा नाही. माहेरी आली की मात्र तिला ताटात धरणातला मासाच लागायचा. मागे एकदा तिच्या घशात काटा अडकला, दवाखान्यात नेऊन काढावा लागला. तेव्हापासून तिच्या मुलाने मासा बंद केला. दातही राहिले नव्हते. दिवाळीत भेटायला गेलो तर म्हणाली, "माशाची चव इसरले रं. पोरगं म्हनतं, मटणाचा रस्सा पी. रस्सा पिऊन पिऊन पोटात तळं झालंया."

परत येताना मला जहाजावरचा फिश पाय आठवला. काटे काढलेला मासा दुधाच्या दाट सॉसमध्ये, त्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर, आणि वरून भाजून खरपूस केलेला. काटा नाही, चावायचं कामही नाही.

धरणावरच्या मासेवाल्याकडून मी मुद्दाम मरळ घेतला, त्याला बारीक काटे नसतात. हळद-मीठ घालून उकडला. मग बायको आणि मी काटे काढायला पडवीत परात घेऊन बसलो. तिने माझ्या हातातलं परत एकदा चाचपलं आणि एक काटा काढून माझ्यासमोर ठेवला. लोण्यात मैदा परतून, दूध घालून मी सॉस केला. तिने बोटावर घेऊन चाखला.

"ह्ये आजाऱ्याचं जेवान हाय," ती म्हणाली आणि लसूण-मिरचीचा ठेचा घेऊन आली.

"यात मिरची नसते."

"जहाजावर नसंल. हितं आत्या खाणार हाय."

ठेचा पडला. कोथिंबीरही पडली. मी चाखलं आणि आणखी एक चमचा घेतला.

ताजा पाय एवढ्या लांब नेईपर्यंत खराब झाला असता, म्हणून तो गोठवायचं ठरलं. स्टीलच्या तीन डब्यांत भरला, वर बटाटा थापला, पूर्ण गार होऊ दिला आणि बायकोचे मटार बाहेर काढून फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवला. मटारावरून दोन दिवस ऐकून घेतलं. एक डबा आम्ही गरम करून पाहिला. मी घाई करून तो तसाच गॅसवर ठेवला. खालचं करपलं आणि मधे चमचा घातला तर खट्ट वाजला, आत बर्फच होता. तिने तो कुत्र्यासाठी काढून ठेवला आणि म्हणाली, "तिकडं गेल्यावर मी गरम करीन."

रविवारी उरलेले दोन डबे थर्माकोलच्या खोक्यात घातले, वर बर्फ, वर जुनी वाकळ. एसटीने नसरापूरला उतरलो आणि वेल्ह्याची जीप धरली. शेजारच्या म्हाताऱ्याने खोक्याकडे बघून विचारलं, "जनावरांची लस हाय का?"

"न्हाई, माशाचा पाय हाय," बायको म्हणाली.

म्हाताऱ्याने वेल्हे येईपर्यंत आमच्याकडे पाहिलं नाही.

आत्यालाही मी तेच नाव सांगितलं. ती म्हणाली, "माशाला पाय कवा फुटला? तुमच्या बोटीवर काय काय खात्यात लेका."

बर्फ बराच वितळला होता. बायकोने चुलीतला जाळ ओढून घेतला, पातेल्यात पाणी घालून त्यात डबा ठेवला आणि आतपर्यंत चांगला वाफवला. मग डबा तव्यावर ठेवून त्याच्या झाकणावर निखारे ठेवले. थोड्या वेळाने झाकण उचललं तर बटाट्याला असा रंग आला होता, की तसा मी जहाजावरच्या भट्टीत एवढ्या वर्षांत आणला नव्हता.

आत्याचा मुलगा दारात उभा राहून बघत होता. "दादा, काटा असंल," तो म्हणाला.

"आधी तू खा," मी म्हणालो.

त्याने घास घेतला, सावकाश जिभेवर फिरवला, गिळला. मग दुसरा घेतला. तिसऱ्याला आत्याने डबाच ओढून घेतला. पहिला घास तिने बराच वेळ तोंडात धरला. सवयीने काटा शोधत होती. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "मरळ हाय. व्हय ना?"

"व्हय."

डबा संपल्यावर तिने बोट फिरवून कडाही साफ केल्या. तिची सून हसून म्हणाली, "आत्याबाई, मला न्हाई ठेवलं?" आत्याने खोक्यातल्या दुसऱ्या डब्याकडे बोट केलं आणि लगेच विचार बदलून खोकं आपल्याकडे सरकवून घेतलं. त्यांच्याकडे फ्रीज नाही, तेव्हा तो डबाही त्याच संध्याकाळी चुलीवर चढला. सगळ्यांना घास घास आला.

आता महिन्या-दोन महिन्यांत तिच्या मुलाचा फोन येतो. मी उचलला तर तो म्हणतो, "दादा, आई वैनींना फोन द्या म्हनती." आणि मी मोबाईल स्वयंपाकघरात नेऊन देतो.