अण्णांचं पान

शनिवार उजाडला की आमच्या शेतावर गाड्या यायला लागतात. खुलताबादहून वेरूळकडे जाताना रस्त्यालाच पाटी आहे: जेवण, चहा-ताक, मुक्काम. आंब्यांच्या मागे दोन खोल्या, अंगणात बाजा, चुलीवरची बाजरीची भाकरी, येसरची आमटी आणि थंडीत हुरडा. लेणी बघून दमलेली शहरातली माणसं, ओळख ना पाळख, माझ्या चुलीपाशी बसून तिसरी भाकरी मागतात. वाढण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

जेवायचे नाहीत ते फक्त अण्णा, माझे वडील. लेकीला मूल झाल्याशिवाय बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आता ती पाळतं कोण? माझ्या चुलत्यांनी तर केव्हाच गुंडाळून ठेवली. अण्णा मात्र महाहट्टी. महिन्यातून एकदा फुलंब्रीहून यायचे, आंब्यांना आळी करायचे, पाहुण्यांशी गप्पा मारायचे आणि तहान लागली की भर उन्हात फाट्यावरच्या टपरीपर्यंत चालत जायचे. मुक्कामाचं तर नावच नको.

मला फार राग यायचा. लग्नाला वीस वर्षं होत आलेली, डॉक्टर करून झालेले, नवरा आणि मी त्या विषयावर बोलणंही सोडलेलं. एकदा मी चिडून म्हणाले, "रस्त्यानं जाणारे लोक माझ्या हातचं बोटं चाटून खातात. तुम्हालाच काय एवढं वावडं?"

"वावडं नाय, माय," ते म्हणाले. "खाईन की. एकदा चांगलं पोटभर खाईन."

मला वाटायचं, उगाच वेळ मारून नेतात. भाकरी थापताना दर शनिवारी जीव तिथंच अडकायचा. एकदा, एकदाच त्यांचं पान मांडायला मिळावं.

गेल्या थंडीत ते आले तेव्हा पाहुण्यांची पंगत बसतच होती. अण्णांनी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि टोकाच्या पाटावर येऊन बसले.

"वाढ," म्हणाले. "लई भूक लागली."

गरम भाकरी, भरीत, ठेचा, लोण्याचा गोळा, काय वाढू नि काय नको असं झालं मला. ते मान खाली घालून सावकाश जेवत होते.

"चांगलं झालंय. आज राहतो इथंच."

मी पाणी द्यायला वाकले, तर त्यांनी वर पाहिलं नाही. भाकरीचा तुकडा नुसताच आमटीत बुडवत राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही सगळ्यांनी कधीच आशा सोडली होती. एवढी वर्षं एकटे अण्णाच नातवाची वाट बघत होते, म्हणून तर माझ्या घरचं पाणीही घेत नव्हते. आज तेही थकले.

"अजून अर्धी वाढू?" मी विचारलं. आणि मनात म्हणत होते, अण्णा, नका ना जेवू.